रुखवतातली गिटार

"कांदे?" आरती किंचाळली. "माझ्या गिटारच्या कव्हरात कांदे?"

कव्हर फुगून टम्म झालं होतं. गिटारचा पत्ता नव्हता.

"वरडू नको गं," रुक्मिणमामी म्हणाल्या. "रिकामंच पडलं होतं. मजबूत पिशवी हाय."

"आणि आतली गिटार?"

"ते लाकडाचं? आसंल की कुठंतरी. लग्नघर हाय, सापडतंय."

आरतीने कपाळावर हात मारून घेतला. 'सापडतंय' म्हणणारी मोठी माणसं स्वतः कधीच काही शोधत नाहीत, हे तिला आता पाठ झालं होतं. सुट्टीत ती नांदेडहून मुदखेडला मामाकडे आली होती, मामेबहीण राजकन्याताईच्या लग्नाला. लग्न थाटात लागलं, ताई उमरीला सासरी गेली, आणि तिच्याबरोबर घरातल्यांची उरलीसुरली अक्कलही गेली असावी!

गिटार काही दुकानातून आणलेली नव्हती. जुन्या सागवानी दाराच्या लाकडातून ती आणि तिचे बाबा, दोघांनी मिळून घडवली होती. बाजूच्या पातळ पट्ट्या गरम नळीवर वाकवताना किती वेळा काडकन मोडल्या! आरतीच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग अजून होता. परवा लातूरला शाळांची वादनस्पर्धा होती, आणि 'स्वतः घडवलेल्या वाद्यावर वाजवणार' असं तिने ऐटीत कळवूनही टाकलं होतं.

"चला, तपास करू!" मामांचा धाकटा बबलू म्हणाला. त्याला शाळेचा अभ्यास सोडून सगळ्याचा उत्साह. शेजारचा माउलीही धावत आला.

तिघांनी कोठी पालथी घातली, मांडवातल्या गाद्या उचलून पाहिल्या, पाण्याच्या टाकीमागे डोकावून पाहिलं. भगवानरावमामांना विचारलं तर ते "हाव, हाव, बघू," म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले. माउली मात्र वडिलांच्या मोबाइलवर लग्नाचे फोटो बघत बसला.

"ए, तपास सोडून फोटो काय बघतोस?" आरती करवादली.

"आरतीताई, तपासच करून राहिलो! हे बघ!"

फोटोत रुखवत मांडलं होतं. ताईला सासरी न्यायच्या वस्तू! लाडवांची ताटं, कापसाचं देऊळ, रंगवलेल्या सुपाऱ्या, आणि मधोमध, कुंकवाचं स्वस्तिक ल्यालेली, आरतीची गिटार!

"मामा!"

मामांनी डोकं खाजवलं. "मला वाटलं शोभेची वस्तू हाय, कव्हरातून काढून मांडली. टेम्पोत दिसंल ते भरलं."

"मग फोन करा आणि परत मागा!"

"येडी का तू? रुखवतातलं परत मागत्यात का? व्याही काय म्हणतील? इज्जतीचा सवाल हाय!"

"अन् आधीच कानपिळी राह्यली," मामी मधेच म्हणाल्या. "नवरदेवाचा कान पिळायच्या टायमाला हे बबल्या जिलेबीच्या कढईपाशी! भावाच्या मानाचा ड्रेस बुडाला की."

गिटारचं बोलावं तर यांचं ड्रेसचं चाललेलं! रडावं की हसावं, आरतीला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला माहेरी आणायला मामा आणि बबलू उमरीला निघाले. आरती आणि माउलीही हट्टाने गाडीत चढले.

ताईच्या सासऱ्यांनी, शेषेरावांनी, दारातच हात पसरून स्वागत केलं. "या व्याही! बघा, तुमची भेट कुठं लावली!"

गिटार भिंतीवर टांगली होती. गळ्यात हार, आणि पोटाच्या गोल भोकात प्लास्टिकची गुलाबं खोचलेली!

"अख्ख्या गल्लीला दाखवलं," शेषेराव म्हणाले. "असं रुखवत उमरीत कुणाचं न्हाई!"

"हाव ना, हाव ना," मामा मान डोलावत राहिले.

आरतीने त्यांना कोपराने ढोसलं. "सांगा ना मामा!"

"गप बस, पोरी."

गप बस! घडवताना बोटं भाजली तिची, आणि गप बसायचंही तिनेच! राग नाकापर्यंत आला, आणि त्याच रागात तिला मामींचं बोलणं आठवलं. तिने बबलूला कोपऱ्यात ओढलं आणि त्याच्या कानात कुजबुजली.

बबलूचं तोंड पडलं. "मग माझा ड्रेस?"

"गिटार शिकवीन तुला. पक्कं!"

बबलूने क्षणभर विचार केला. मग तो तडक ताईच्या नवऱ्याकडे, सिद्धरामदाजींकडे गेला. दाजी बशीत चहा ओतत होते. बबलूने त्यांचा कान धरला आणि करकचून पिळला!

"आई गं!"

"कानपिळी राह्यली होती दाजी! ताईला नीट सांभाळायचं! अन् माझा मान दिल्याबिगर सोडणार न्हाई!"

शेषेराव पोट धरून हसले. "माग बाबा, काय पायजे ते माग! कान पिळणाऱ्या भावाला न्हाई म्हणायची आमच्यात रीत न्हाई!"

"ती गिटार द्या!"

हसू थांबलं. मामांना चहाचा ठसका लागला. शेषेरावांचा चेहरा पडला, पण शब्द तोंडातून गेलेला होता.

"घे बाबा, घे!" दाजीच आधी म्हणाले. "जो पाहुणा येतो तो म्हणतो, वाजवा नवरदेव! मला काय येतंय? पण कान सोड!"

आरतीने गिटार उतरवली, हार काढला, गुलाबं उपटली. तारा जुळवल्या आणि ती वाजवू लागली. सुरुवातीला राग बोटांत होता, मग हळूहळू निवळला. चूल सोडून सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेषेराव वाकले आणि भोकातून आत पाहू लागले. आत पेन्सिलने लिहिलं होतं: आरती आणि बाबा, नांदेड.

"व्याही," ते सावकाश म्हणाले, "हे पोरीनं केलेलं हाय?"

"हाव. उद्या लातूरला स्पर्धा हाय तिची," मामा पुटपुटले.

"अन् तुम्ही बोलला न्हाईत? अहो, मागून नेलं असतं तर इज्जत गेली नसती. लेकराची मेहनत दडवली, त्यानं जाती!" त्यांनी आरतीच्या डोक्यावर हात ठेवला. "लई गुणी पोर. असा मान मागायला डोकं लागतं. उद्या लातूर गाजव."

बबलूला ड्रेसही मिळाला, तो वेगळाच.

परतीच्या गाडीत मामांनी गिटार मांडीवर घेतली ती खाली ठेवलीच नाही. मुदखेड जवळ आलं तसे ते आरतीकडे झुकले.

"पोरी, चुकलो. ह्यो कान पीळ."

"आणि मान काय देणार?"

"म्हणशील ते."

"त्या कव्हरातले कांदे तुम्ही काढायचे," आरती म्हणाली, "आणि ते धुवायचंही तुम्हीच!"

मग तिने मामांचा कान धरला, आणि चांगला जोर लावून पिळला.