गरज असेल तरच आण

रुग्णालयाच्या वेबसाइटचं पान उघडायला नऊ सेकंद लागायचे आणि खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. खरं दोषी होतं ते तारीख निवडायचं कॅलेंडर. ते आमचं नव्हतंच. बाहेरच्या कुणीतरी लिहून ठेवलेली तयार कोडची लायब्ररी, आणि आम्ही आयत्या बिळावरचे नागोबा. कुणी नुसता फोन नंबर बघायला आलं तरी हे बोचकं आधी उतरवून घ्यावं लागे. मी ते बदललं. रुग्णाने 'पुढची तारीख' या चौकोनावर बोट ठेवलं, तरच लायब्ररी मागवायची. कोडमध्ये त्या ओळीच्या वर टीप लिहिली: गरज असेल तरच आण. पान दीड सेकंदात उघडू लागलं. साहेबांनी स्वतःच्या पैशांनी चहा पाजला, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची तपासनीस माझ्या टेबलाशी आली. दुसऱ्याच्या कामात खोड काढण्याचाच तिला पगार मिळतो, म्हणून आम्ही तिला खोडी म्हणतो.

"कालपासून तीन रुग्णांच्या तक्रारी आहेत. कॅलेंडर उघडत नाही."

"एरर काय येते?"

"काहीच नाही. बोट ठेवलं तरी लायब्ररी मागवलीच जात नाहीये."

मी कोड पुन्हा वाचला. समोर रुग्ण कोण आहे हे तो बघतच नव्हता. बोट टेकलं की मागव, एवढंच त्याला कळत होतं. तिघांचे क्रमांक घालून मी स्वतः दाबून पाहिलं. चौकोन पांढराच राहिला. चौथा कुठलासा क्रमांक घातला, तर कॅलेंडर लगेच उघडलं.

दुपारी मी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर फोन लावला. तिथल्या कारकुनाने तिन्ही क्रमांक ऐकून घेतले आणि नोंदी उघडून पाहिल्या.

"मॅडम, यातले दोघं आज सकाळी गेले. तिसऱ्या बाई अतिदक्षता विभागात आहेत."

संध्याकाळी त्या बाईंच्या नोंदीपुढे 'बंद' असं आलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी खोडीला म्हटलं. रुग्णालयात आजारी माणसंच येतात. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणाऱ्या तिने पडद्यावरच्या माझ्या टिपेवर बोट ठेवलं.

"गरज असेल तरच, असं तूच लिहिलंस ना?"

दुसऱ्या दिवशी आणखी दोन क्रमांक आले. मी फोन केला नाही. दोन्ही नोंदी संध्याकाळच्या आत बंद झाल्या. मला भीती वाटायला लागली होती, उगाच कशाला लपवू.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला. आईबाबांच्या मागे मला त्यानेच वाढवलं. दोन वर्षं त्याचं डायलिसिस चालू आहे, याच रुग्णालयात.

"अगं ठमे, तुझं ते पान रुसलंय. सोमवारची तारीख घ्यायची होती, चौकोन उघडेचना."

"परत दाब."

"दाबतोय की. असू दे, बघू नंतर."

"नंतर नको!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.

मी जुना कोड परत लावला. लायब्ररी पुन्हा सगळ्यांसाठी आधीच उतरू लागली. दादाच्या पानावर मात्र उतरली नाही.

बाहेरची लायब्ररी बंद पडली तर असावी, म्हणून तिची एक प्रत आमच्या सर्व्हरवर साठवलेली होती. दादाचा क्रमांक टाकून मी एक ओळ लिहिली: याच्यासाठी बाहेर विचारू नकोस, साठवलेलंच दे. साठवलेल्या प्रतीला मुदत घालायची असते. ती संपली की जुनी टाकून ताजी आणायची. हे नवशिकेही विसरत नाहीत. मी विसरले.

"उघडलं गं! घेतला सोमवार."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

सोमवारी दादाचं डायलिसिस नीट झालं. मंगळवारी सकाळी सातला त्याचा फोन आला.

"आज सोमवार ना? निघतोय मी."

बुधवारीही आला. तेच शब्द, मध्ये तेवढाच खोकला.

डॉक्टर दर आठवड्याला रक्त तपासतात. आकडे त्या सोमवारचेच येतात, दशांशापर्यंत. प्रकृती स्थिर आहे, म्हणतात.

ती ओळ अजून तिथेच आहे. मुदत घालायला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले.

खोडीला ती सापडली. तिने शेजारी फक्त टीप लिहून ठेवली: हात लावू नये.

आज वहिनीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती.

"हसू नकोस हं. महिना झाला, ह्यांचा वस्तरा कोरडाच आहे. दाढी वाढतच नाहीये."