डावीकडे नाहीसं होणारं हेलिकॉप्टर

दुपारी ती डबा उघडायच्या बेतात असताना तो आला. हातात एक मोडकं पातं आणि चेहऱ्यावर तक्रार.

“मॅडम, माझा नंबर वाढलाय. जरा तपासा.”

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणं हे तिचं रोजचं काम. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, तक्ता उजळला. पठ्ठ्यानं शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

“नजर तर ठणठणीत आहे. त्रास काय होतो?”

“हेलिकॉप्टर गायब होतं.”

ती फिस्सकन हसली.

“खरंखुरं नव्हे हो! रिमोटवरचं, हातभर लांबीचं. मोटारी वाइंडिंग करायचा धंदा माझा, आणि रविवारी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर हा नाद. आताशा ते जरा डावीकडे गेलं की दिसतच नाही. मग धाडकन जमिनीवर.”

तिचं हसू विरलं. “नाकासमोर बघा,” ती म्हणाली आणि त्याच्या कानाजवळून पेन हळूहळू पुढे आणू लागली. “दिसलं की सांगा.”

पेन जवळजवळ नाकापुढे आलं, तेव्हा कुठे तो “हां” म्हणाला. दुसऱ्या बाजूनंही तेच. मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून देताना ती एवढंच म्हणाली, “उद्याच जा.”

पंधरा दिवसांनी तो परत आला तो तिलाच भेटायला.

“डोळ्याचा पडदा कडेकडेनं विझत आलाय म्हणे. इलाज नाही.” मग जणू विषय संपला अशा सुरात, “रविवारी काय करता तुम्ही?”

“मी? कपडे धुते...”

“मग मैदानावर या. हे हात तयार व्हायला सहा वर्षं लागली. वाया जायला नकोत.”

ती गेली. का गेली, ते आईनं विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही.

पहिल्या दिवशी हेलिकॉप्टर वीतभर उठलं, जागच्या जागी गरागरा फिरलं आणि आडवं झालं. तो पोट धरून हसला. “भिंगरी आहात नुसत्या!” तेव्हापासून ती भिंगरी आणि तो मास्तर. त्यानं हेलिकॉप्टरच्या पायांखाली काठ्यांची फुली बांधून दिली, म्हणजे पुन्हा कलंडू नये. महिनाभर गुडघ्याच्या वर जायची परवानगी नव्हती.

“रिमोटची दांडी आवळू नका. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं धरा.”

“पिल्लू उडालं तर?”

“उडायलाच तर हवंय!”

सगळ्यांत अवघड होतं ते हेलिकॉप्टर आपल्याकडे तोंड करून असताना सांभाळणं. तेव्हा डावं उजवं होतं, उजवं डावं.

“समोरासमोर आलं की सगळ्यांचाच गोंधळ उडतो,” तो म्हणाला.

“तुमचाही?”

“माझा तर... रोज उडतो. हल्ली रविवार सोडूनसुद्धा.”

ती लाजली, अंगठा सरकला आणि एक पातं गेलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ त्याच दिवशी झालं, निदान त्याच्या बाजूनं.

पण वर्ष सरता सरता तो मैदानाच्या पायरीवर ठेचाळू लागला. एके दिवशी त्यानं रिमोट तिच्या हातात दिला तो कायमचाच. मग तो तिच्या पाठीशी डोळे मिटून उभा राहायचा. “लांब गेलीस. आवाज पातळ झालाय, वळव.” एकदाही चुकला नाही.

शेवटी तिनंच धीर केला. हेलिकॉप्टर गवतावर उतरवलं आणि पाठमोरीच म्हणाली, “मास्तर, मला तुझ्यासोबत राहायचंय. फक्त रविवारी नाही.”

मागून त्याचा आवाज आला.

“भिंगरे... ताई मला न्यायला आलीय. उद्या मी तिच्याकडे चाललोय. तिच्या गावात एक शाळा आहे. काठी घेऊन चालायला, बोटांनी वाचायला शिकवतात.”

“मग मीही येते.” ती त्याच्याकडे वळली.

“नको.”

“का? तुझे डोळे पहिल्यांदा मीच तपासले. मला सगळं ठाऊक आहे!”

“म्हणूनच. आत्ता आलीस तर मी तुझाच हात धरून चालेन. आणि एकदा सवय लागली की मला कळणारच नाही, तू हवी आहेस की तुझा हात.”

“माझ्या वतीनं ठरवणारा तू कोण?” ती ओरडली.

“तुझ्या वतीनं नाही गं. माझ्याच वतीनं ठरवतोय. एक करशील? मागे जा. दहा पावलं.”

“मागे?”

“जवळ असलीस की नुसतं नाक दिसतं तुझं. नाहीतर एक डोळा. लांब गेलीस तर अख्खी मावशील... अजून मावतेस.”

ती मागे सरकत गेली. सात, आठ, नऊ. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पुसायला हात वर केला नाही. चेहरा झाकला गेला असता.

तो बघत राहिला. केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश. फाटकाशी थांबलेल्या ताईनं दोनदा हाक मारली, तरी हलला नाही. मग एकदा मान डोलावली, वळला आणि ताईच्या दंडाला धरून निघून गेला.

ती तिथेच उभी राहिली. हेलिकॉप्टर तिच्यामागे दहा पावलांवर गवतात होतं. तिथवर जायला तिला फार वेळ लागला.