अळणी चार दिवस

छत्तीस सालच्या हिवाळ्यात देवळाली कॅम्पातल्या बॉक्सिंगच्या रिंगणातून मी उडालो, तो थेट झेंडूच्या पाटीत!

पाटी सरूची. गंगापूरच्या भिमाजी माळ्याची पोरगी, जिंकणाऱ्यांसाठी हार घेऊन आलेली. आमची ओळख अशी झाली.

"अहो, उठा की! पाच शेर फुलं हायेत त्यात!"

मी उठलो. तिनं माझं तोंड पाहिलं आणि… फुलं विसरली.

कॅम्पात भाजी पोचवता पोचवता गोऱ्या शिपायांकडे बघून मी बॉक्सिंग शिकलो होतो. डोकं वाचवायचं मात्र शिकलो नव्हतो. समोरच्याचं कपाळ माझ्या डाव्या भुवईवर आदळलं होतं. रक्त गालावर, बनियनवर. त्या रविवारी आमच्यातल्या एकाचा दात गेला, एकाचा अंगठा निखळला. डॉक्टरांपुढे रांग. सरू थांबली नाही. फुलांबरोबर ती हळदकुंकवाच्या पुड्याही विकायची. एक पुडी फोडली आणि मूठभर हळद भुवईवर दाबली.

बोटं थंडगार. श्वास इतका जवळ… दुखायचंच राहून गेलं.

"लय लागलं का?"

"आता नाही."

"मग लढता कशाला असलं?"

"कुणीतरी असं विचारावं म्हणून."

ती हसली — आणि तेवढ्यात घामाबरोबर सगळी हळद डोळ्यात उतरली. मी बोंबललो! डोळा लालभडक, पापणी सुजून बंद. डॉक्टरांनी धुऊन पट्टी बांधली. म्हणाले, "पुंजा, मार डोळ्यालाही बसलाय. चार दिवस पट्टी. नजर राहते का ते नंतर कळेल."

सरू तिथंच उभी, पांढरीफटक. तिला वाटलं, आपल्या हळदीनंच डोळा घालवला.

दुसऱ्या दिवसापासून बाजारातून परतताना, वाट वाकडी करून, ती मखमलाबादला आमच्या दारात. सोबत तिची आत्या आक्काबाई. माझी आई पाणी द्यायची, सरू उंबऱ्याशी बसायची.

"दिसतंय का कायी?"

"पट्टीतून काय दिसणार? तू तरी दिसायला हवी होतीस."

"उजवा डोळा हाय ना!"

"एका डोळ्यात मावत नाहीस…"

आत्या खाकरायची. सरू पदराआड हसायची.

खरं सांगतो. मंगळवारी संध्याकाळी मी पट्टी सरकवून बघितलं. चुलीतली ठिणगी, कौलावरची चिमणी — सगळं लख्ख! नाचायचं सोडून मी पट्टी परत ओढली. बरा झालो म्हटल्यावर ती कशाला येईल?

बुधवारी तिनं विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "उघडून बघितला… अंधारच आहे."

ती तशीच उठून गेली.

गुरुवारी आली ती ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. आईनं भाकरी-ठेचा पुढं केला. तिनं ताट बाजूला सारलं.

आक्काबाई भडकली. "ती नाय खायची, मंगलाबाई! रविवारपासून मीठ सोडलंय तिनं. सप्तशृंगीला नवस बोललीय — पुंजाला दिसेपर्यंत अळणी खाईन. काल म्हणाली, नाय दिसलं तर जन्मभर! सकाळी चक्कर येऊन वाफ्यात पडली."

माझ्या पोटात असा ठोसा रिंगणात कुणी मारला नव्हता. मी पट्टी ओरबाडून काढली.

"दिसतंय! सरू, मंगळवारपासून दिसतंय मला! तू यायची बंद होशील म्हणून…"

सरू जवळ आली.

"उजवा झाका."

झाकला.

"किती बोटं?"

"दोन."

"अजून काय दिसतंय?"

"नाकातली चमकी. आणि राग."

मग तिचा बांध फुटला. मटकन खाली बसली. रडता रडता हसायला लागली. "दिसतंय गं आत्या, दिसतंय त्याला!… आन तू! चार दिस जीव टांगणीला माझा. खोटारड्या!"

"मार मला."

"मारणारच हाय. पयलं जेवू दे."

ताट ओढून तिनं हा एवढा घास घेतला. डोळे मिटले. "मावशी, अजून चिमूटभर मीठ द्या." आई पदरानं डोळे पुसत आत गेली.

मी हळूच विचारलं, "उद्या येशील?"

"आता मी कशाला येऊ?" तिनं ठेच्याचं बोट चाटलं, वर न बघता म्हणाली, "तूच ये. बा घरीच असतो उद्या…"