तोंड लावलेला पेला

आमच्या लॅबमधली हेमावती परवा विचारत होती, रात्री ओठांना लावून झोपायच्या मलमाची ती महागडी डबी घेऊ का म्हणून. एवढीशी डबी आणि केवढी किंमत! पण तुझे ओठ बघितले की घ्यावीशी वाटते, म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐक, मग ठरव. तिला सांगितलं तेच इथं लिहिते आहे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मी तुळसी आहे आणि जे पाहिलं तेच सांगणार.

अण्णा नगरात दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मी काम करते. दिवसभर प्लास्टरची धूळ आणि डोक्यावर एसीचा झोत. अख्खी चेन्नई घामानं भिजलेली असते आणि माझे ओठ मात्र कायम दुष्काळी. बोललं की भेग पडायची, हसलं की रक्त यायचं. घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून निभावलं.

मी मूळची कराडची. माझा नवरा सेतुमाधव तंजावरकडचा, पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातला. लहानपणी मी सायकलवरून कृष्णेच्या घाटावर आपटले तेव्हा खालचा ओठ मधोमध फाटला होता. त्याचा व्रण राहिला आणि पुढं नशिबात सासूही कृष्णवेणीच आली. सासूबाई घरच्यांशी मराठी बोलतात, जुनी, अनुस्वारांची, मध्येच तमिळ घुसलेली. दारात आलेल्या परक्या माणसाशी मात्र तमिळ. लग्नानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी तमिळच बोलायच्या. एके दिवशी पहिल्यांदा मराठीत माझ्यावर ओरडल्या, तेव्हा मी माहेरी फोन करून सांगितलं की मी आता घरची झाले.

ओरडल्या होत्या पाण्यावरून. या घरात पेल्याला तोंड लावून कुणी पीत नाही. पेला वर धरायचा, मान मागं टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. ओठ लागले की भांडं उष्टं, त्यांच्या भाषेत एच्चिल. मला ते कधी जमलं नाही. निम्मं पाणी हनुवटीवरून ब्लाउजमध्ये जायचं. शेवटी मी माझा स्टीलचा पेला वेगळा केला आणि सरळ तोंड लावून पिऊ लागले. सासूबाईंनी बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं, पण मी काही बधले नाही. त्यांच्या चांदीच्या पेल्याला मात्र मी कधी हात लावला नाही. तो त्यांच्या लग्नातला. पाण्याच्या मातीच्या माठावर पालथा घातलेला असतो आणि सकाळी उठल्यावर पहिलं पाणी त्या त्यातूनच पितात.

डबी मी माझ्या पगारातून आणली. सासूबाई म्हणाल्या, "साजुक तूप बेंबीला लाव की. हें काय रात्रभर तोंडाला चोपडून निजायचें?" मी म्हटलं, "तुपाला मुंग्या येतात, आई." त्या रात्री गुलाबी मलम ओठांवर जाड थापून झोपले. पेरूसारखा गोड वास होता त्याला.

सकाळी ओठ होते तसेच होते. आरशात तेच पापुद्रे, तोच व्रण. डोकं फिरलं माझं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. चांदीच्या पेल्याच्या काठावर ओठांची खूण होती, तेलकट, ठळक. पेरूचा वास मला दारातूनच आला.

"कोणें तोंड लाविलें ह्याला? सांग गे, कोणें?"

"मी नाही लावलं."

"मग काय मी लाविलें?"

सेतुमाधव झोपेतून उठून आला. बघून म्हणाला, "झोपेत उठली असशील, तुळसी. माफी माग, विषय संपव."

न केलेल्या गोष्टीची माफी मी कराडात कधी मागितली नव्हती, इथंही मागणार नव्हते. तसं मी त्याला तिथंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खूण. तिसऱ्या दिवशीही. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी बंद केलं, मग जेवण. तिला चूक कबूल करायला सांग, नाहीतर मी तंजावरला भावाकडे जाते, असं त्यांनी मुलाला बजावलं. सेतुमाधव आईला सोडून राहणाऱ्यातला नाही, म्हणजे तोही जाणार. घर मोडायला एक पेला पुरेसा होता. मला फक्त 'हो, मीच' एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

त्याऐवजी मी पुरावा आणला. लोकांच्या तोंडाचे ठसे बघण्यातच माझा जन्म चाललाय. ओठांना मलम लावून मी स्वच्छ काचेवर ओठ टेकवले आणि ती काच पेल्याशेजारी ठेवली.

"बघा, आई. माझ्या ठशात खालच्या ओठाला मधोमध रिकामी जागा आहे. व्रण आहे ना तिथं, कितीही दाबलं तरी तेवढा भाग उमटत नाही. पेल्यावरची खूण सलग आहे. हे ओठ माझे नाहीत."

सासूबाईंनी चष्मा पुसून दोन्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेला पदरानं पुसून त्या हळूच म्हणाल्या, "मग कोणाचें?"

"ते तुम्ही शोधा. घर तुमचं आहे."

जिंकले म्हणून मी खूश होते. त्यांनी तंजावरचं नाव काढणं सोडलं आणि माझ्या हातची कॉफीही घेतली. त्या व्रणाचे मी मनापासून आभार मानले.

पण खूण काही थांबली नाही. आणि आता मी ती नीट बघत होते, भिंग लावून. पहिल्या दिवशीची मला आठवत होती. तळं आटल्यावर चिखल फुटतो तशी ती सगळी भेगांनी भरलेली होती. आता भेगा बुजत चालल्या होत्या. रोज थोड्या. ओठ भरत होते, कड रेखीव होत होती. डबीतलं मलमही मी लावत होते त्याच्या दुप्पट संपत होतं.

मलम काम करत होतं. पण माझ्यावर नाही.

मी दोन-तीन दिवस लावणं बंद केलं. खूण तरीही आली. पेला कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी कुलूप तसंच होतं, आतल्या पेल्याला खूण होती आणि तळाशी पाण्याचा एक घोट शिल्लक होता.

"फेकून दे ती डबी," सेतुमाधव म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"फेकणार नाही. माझ्या पैशाची आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी घर फेकावं."

"तुळसी, हट्ट करूं नको," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि तेच मला सहन झालं नाही. इतकी वर्षं मला ज्यावरून बोलल्या, ते आता कुणीतरी रोज बिनदिक्कत करत होतं आणि त्याच्यापुढं सगळे चिडीचूप. मी तोंड लावलं की पाप, आणि दुसऱ्या कुणी लावलं की हात जोडायचे?

मी पेला उचलला. त्या दिवशीची खूण ताजी होती, गुळगुळीत, एकही भेग नसलेली. माठातलं पाणी घेतलं आणि दोघांच्या डोळ्यांदेखत बरोबर त्या खुणेवर ओठ टेकवले.

"नको गे!" सासूबाई ओरडल्या.

मी प्यायले.

माठातलं पाणी गार असतं. हे कोमट होतं.

काठ चांदीचा होता. तो मऊ लागला.

मी पेला खाली घेऊ लागले. तो लगेच सुटला नाही.

त्या दिवशी कामावर गेले, परत आले, जेवले, झोपले. काहीही झालं नाही. सकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं आणि आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? ओठ लोण्यासारखे झाले होते. कडा रेखीव. मी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

व्रण नव्हता.

स्वयंपाकघरात सासूबाई खिडकीच्या उजेडात पेला धरून उभ्या होत्या. काठावर खूण होती. वाळलेली, पापुद्रे निघालेली. खालच्या ओठाला मधोमध रिकामी जागा.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग पेला छातीशी धरला, दारात कुणी परकं आल्यावर घेतात तसा दुसऱ्या हातानं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि अगदी अदबीनं तमिळमध्ये विचारलं,

"यारम्मा नींग? तुळसी एंगे?"

कोण हो तुम्ही? तुळसी कुठं आहे?

सेतुमाधव म्हणतो, आईचं वय झालं, मनावर घेऊ नकोस. असं म्हणताना तो माझ्या तोंडाकडे बघत नाही. सासूबाई माझ्याशी फार चांगल्या वागतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेल्यात मला पाणी देतात, मी तोंड लावून प्यायले तरी चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते तमिळ. मी रोज त्यांना मराठीत ठणकावून सांगते की मीच तुळसी, कराडची, तुमची सून. त्या मान डोलावतात.

हेमावतीला मी म्हटलं, घे बाई, डबी पैसे वसूल करते, माझे ओठ बघ की. माझी मी आता कपाटात कुलूप लावून ठेवते. माझी आहे ती. कुणाला का म्हणून द्यायची?

पेल्यावरची खूण रोज जास्त फुटत चालली आहे. कालच्या खुणेत रक्ताचा लाल ठिपका होता. सासूबाई ती आता पुसत नाहीत. जेवणं उरकली की चांदीचा पेला काठोकाठ भरतात, माठाशेजारी ठेवतात आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहून, मला कधी ऐकू न आलेल्या मऊ आवाजात, मराठीत म्हणतात,

"तोंड लावूनच पी गे, तुळसी. मी कांही बोलत नाहीं."