अलार्मच्या कोऱ्या नोंदी

सोमवार दुपारपासून लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, अलार्मची एकही नोंद नव्हती.

गुरुप्रसादने लॅपटॉप कंपनी चालवणाऱ्या प्रतिमाकडे वळवला. इंदिरानगरच्या त्यांच्या ऑफिसातला प्रोग्राम इस्पितळांतल्या दूधपेढ्यांचे फ्रीझर सांभाळायचा. बुधवारी एक फ्रीझर बंद पडला आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दान आलेलं दूध फेकावं लागलं. इस्पितळ म्हणत होतं, धोक्याचा मेसेज आलाच नाही.

"प्रोग्राममधला अलार्मचा भाग, ते मॉड्यूल, नयनाचं," गुरुप्रसाद म्हणाला. "वाजला नाही, म्हणून तिने नोंदी पुसल्या. अक्का, आजच तिला काढू या."

प्रतिमाने मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे बुधवारची यादी मागितली. मग विचारलं, लॉगची फाईल पुसता कोणाला येते? नयनाला आणि त्याला, दोघांनाच.

"सोमवारी तू काय केलंस?"

"स्वल्प आवराआवर. सगळ्या मॉड्यूलच्या लॉगची मांडणी मुख्य फाईलमध्ये एका जागी लावली. माझ्या तापमानाच्या नोंदी बघा, व्यवस्थित येतात."

नयना बाळंतपणाच्या रजेवरून दोन आठवड्यांपूर्वीच परतली होती. बोलावल्यावर आली ती दाराशीच थांबली.

"नोंदी पुसल्यास?" प्रतिमाने विचारलं.

"नाही."

"मग गेल्या कुठे?"

"कळत नाही. माझं मॉड्यूल एकटं चालवलं की नोंदी येतात. सगळ्यांबरोबर चालवलं की गप्प. आमची लेक पाहुण्यांत बसते ना, तसं."

प्रतिमाने तिला तिथेच चाचणीचा अलार्म वाजवायला लावला. प्रतिमाच्या फोनवर मेसेज आला. लॉग कोराच.

"गुरु, ही नोंद कोणी पुसली?"

त्याने लॉग पुन्हा उघडून पाहिला.

प्रतिमाने मुख्य फाईल उघडली. "नयनाचं मॉड्यूल सगळ्यात वर. ते आत येतानाच आपल्या नावाचा लॉगर, म्हणजे नोंदी लिहिणारा, घेतं. त्याच्याखाली तुझी मांडणी. वेगळं सांगितलं नाही, तर ती आधी तयार झालेले आणि तिच्यात नाव नसलेले लॉगर बंद करून टाकते. तुझं तापमानाचं मॉड्यूल मांडणीच्या खाली येतं, म्हणून बोलतं. नोंदी कोणी पुसल्याच नाहीत. तू त्यांचं तोंड बांधलंस."

मेसेजची यादी आली होती. बुधवार, ११:२०, दूधपेढीच्या फोनवर पोचला.

"अलार्म वाजला होता," प्रतिमा म्हणाली. "पुढचं इस्पितळाने शोधावं. नोंदी का नव्हत्या, ते पत्र त्यांना तू लिही, स्वतःच्या नावाने. आणि आधी हिच्याशी बोल."

गुरुप्रसादने मान खाली घातली. "चुकलं माझं, नयना."

नयनाने मांडणी उचलून सगळ्या मॉड्यूलच्या वर नेली, जुने लॉगर बंद करू नयेत अशी एक ओळ घातली आणि पुन्हा अलार्म वाजवला.

अलार्म: चाचणी, ३:४२.

लॉगमधली ती नोंद तिने दोनदा वाचली. मग घरी फोन लावून विचारलं, लेकीने दूध घेतलं का.