टाळीचं उत्तर

आमच्या दलदलीत दार वाजवायची सोय नाही, कारण लव्हाळ्याच्या झोपडीला दारच नसतं. पाहुणा होडीतूनच तळवे पोकळ करून सावकाश तीन टाळ्या वाजवतो. आतल्याने तशाच तीन टाळ्या वाजवून उत्तर द्यायचं. एकदा उत्तर दिलं की तो आपला पाहुणा. मग त्याला बसायला जागा द्यायची, आणि तो जे मागायला आला असेल त्याला नाही म्हणायचं नाही. आमच्या या बांगवेउलू दलदलीतली पोरं बोलायच्या आधी टाळी शिकतात.

त्या साली मी आणि चिसेंगामामा शूबिल नावाच्या मोठ्या पाणपक्ष्याच्या घरट्यावर राखणदार होतो. आता हे पक्षी मोजकेच उरलेत, म्हणून वन्यजीव खात्याच्या ऑफिसने आम्हाला दुर्बीण, वही आणि वारुळाच्या उंचवट्यावर एक झोपडी दिली होती. मामाने तरुणपणी अशीच पिल्लं चोरून विकली होती, हे आमच्या सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

"चोरालाच चौकीदार केलंय," मी त्याला चिडवायचो.

"मग काय तुला करायचं? तुला घरटं दाखवावं लागतं," तो म्हणायचा.

घरट्यात दोन पिल्लं होती. थोरलं धाकट्याला टोचून टोचून रक्तबंबाळ करायचं आणि आई ढुंकूनही बघायची नाही. शूबिलमध्ये असंच चालतं, धाकटं बहुधा मरतंच. भर दुपारी आई आपल्या त्या जोड्याएवढ्या चोचीत पाणी भरून आणायची आणि थोरल्याच्या अंगावर ओतायची, गारव्यासाठी. धाकटं कोरडंच राहायचं. गुरुवारी ऑफिसची बोट येऊन धाकट्याला नेणार होती, हाताने वाढवायला. तोवर ते तगायला हवं होतं.

माझा जीव मात्र बेटावर अडकला होता. माझी बायको बुपे तीन आठवड्यांच्या जुळ्या मुली घेऊन तिथे बसली होती. थोरली गुटगुटीत. धाकटी अंगावर पीत नव्हती, तापाने नुसती फणफणलेली. दवाखान्यातल्या नर्सने तिला तपासलं आणि माझ्याकडे न बघता औषधाची बाटली दिली. मला सुट्टी होती तीही गुरुवारपासूनच.

मामाची एक खोड होती. रोज सकाळी उजाडलं की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, ऊन वर येईपर्यंत.

"एवढी थंडी वाजते?" मी विचारायचो.

"हं," एवढंच.

बुधवारी सकाळी दाट धुकं होतं. मी चुलीवर मक्याची पेज ढवळत होतो. बाहेरून तीन टाळ्या ऐकू आल्या. पोकळ, सावकाश. मला वाटलं, बोट एक दिवस आधीच आली, सुटलो बुवा! पळी टाकून मी तीन टाळ्या वाजवल्या.

मामाने झेप घालून माझे हात पकडले. पण उशीर झाला होता.

झोपडीच्या तोंडाशी ती उभी होती. घरट्यातली आई. माझ्या छातीपर्यंत येणारी, राखाडी, अंगावरून पाणी ठिबकत असलेली. तिने मान खाली घालून आम्ही मोठ्यांना करतो तसा नमस्कार केला. मग माझ्याकडे पाहिलं. मामाकडे नाही. चोच तीनदा वाजवली आणि धुक्यात निघून गेली.

पेज करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आलो.

"अरे, ते पक्षी चोच वाजवतातच," मी म्हटलं. "मी टाळी समजलो. त्यात काय एवढं?"

"वीस वर्षं ती टाळ्या वाजवून मागतेय," मामा म्हणाला. "मी एकदाही उत्तर दिलं नाही."

"काय मागतेय?"

"मी तिचं धाकटंच नेलं होतं, म्वापे. म्हटलं, मरणारच आहे, आईला कुठे हवंय? टोपलीतच मेलं ते. आणि ती माझ्या होडीमागून आली, पार बेटापर्यंत."

"वीस वर्षं तोच पक्षी कसा असेल, मामा? काहीतरीच!"

"नसेल. तू पेज खा."

दुपारी दुर्बिणीतून पाहिलं तर धाकटं पिल्लू मान टाकून पडलं होतं. एक दिवस, फक्त एक दिवस कमी पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वहीत वेळ लिहिली.

मग आई आली. तिने चोचीत पाणी भरलं आणि थोरल्याजवळ उभी राहिली. ओतलं नाही. वळून उत्तरेकडे तोंड केलं आणि तशीच, भरल्या चोचीने, जड जड उडाली.

तासाभराने परतली. चोच रिकामी होती. पुन्हा भरली, पुन्हा उत्तरेला गेली.

उत्तरेला आमच्या बेटाशिवाय काही नाही.

मामाने होडीची काठी माझ्या हातात दिली.

चार तासांची वाट मी तीन तासांत कापली. हाताला फोड आले. वाटेत ती दोनदा माझ्या डोक्यावरून गेली, एकदा जाताना, एकदा येताना.

घरी पोचलो तर बुपे हसत होती.

"अहो, ताप उतरला! दुपारपासून दूध ओढतेय बघा, थोरलीच्या वरताण!"

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी धाकटीला उचललं.

ती ओली होती.

"तेच तर कळत नाही," बुपे म्हणाली. "कितीदा पुसलं, तरी परत ओली."

मी छताकडे पाहिलं. कोरडं. चटईवर शेजारीच थोरली झोपली होती, तीही कोरडी. धाकटीच्या जावळातून पाणी गळत होतं आणि त्याला दलदलीच्या चिखलाचा वास होता. ती रडत नव्हती. पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती.

मी तिला चटईवर ठेवलं.

बाहेर तीन टाळ्या वाजल्या.

बुपेने हात उचलले. मी तिची मनगटं धरली.

"काय करताय? पाहुणा ताटकळलाय ना!"

"नको. पाया पडतो तुझ्या, नको."

पुन्हा तीन टाळ्या. मी सोडलं नाही. घामाने माझे हात निसटत होते.

तिसऱ्यांदा तीन टाळ्या.

बुपेची मनगटं अजून माझ्या मुठीत होती.

आणि आमच्या मागे, चटईवरून, उत्तर आलं. तीन टाळ्या. बारीक, पोकळ, ओल्या हातांच्या.