सवालामागची जागा

मिरकरवाड्याच्या बंदरापासून थोडं वर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात माझा स्टुडिओ आहे. बर्फ वितळू नये म्हणून बांधलेल्या जाड भिंती बाहेरचा आवाजही आत येऊ देत नाहीत. मासळीचा वास मात्र येतो. मुंबईचे पाहुणे नाक मुरडतात. मला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. गणपतीच्या आरत्या, शाळांची स्नेहसंमेलनं, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा, सगळं मी रेकॉर्ड करतो. उमेदवार पडला तरी चालेल, घोषणा स्वच्छ ऐकू आली पाहिजे. रत्नागिरीत राहून आवडीचं काम मिळतंय, त्याहून जास्त मागणं म्हणजे हापूस खाऊन वर साखर मागणं.

आमचा गाण्याचा एक गट आहे. नाव ‘पिठीभात’. सलोनी गाते, चिराग गिटार वाजवतो आणि उरलेलं सगळं माझ्या गळ्यात. आमची काही गाणी मोबाइलवर बऱ्यापैकी फिरली आणि मुंबईच्या एका कंपनीने अख्खा अल्बम करायला सांगितला. सलोनी तेव्हा एका खाजगी शाळेत संगीत शिकवायची. म्हणजे वर्षभर त्याच चार प्रार्थना. हा अल्बम निघाला की नोकरी सोडायची, हे तिने घरीही सांगून टाकलं होतं.

मुख्य गाण्यासाठी तिला तिच्या आजोबांचा सवाल हवा होता.

तिचं गाव जयगडच्या खाडीकाठी. आजोबा बाबल्या एके काळी शक्ती-तुऱ्यातले शक्तीवाल्यांचे शाहीर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन फड समोरासमोर येतात. पायात घुंगरू बांधून पोरं गोल नाचतात, मधे बसलेला शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, आणि पलीकडच्या तुरेवाल्या शाहिराने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल टाकला की शाहीर थांबतो. मृदंग हळू होतो, घुंगरं तेवढी चालू राहतात. ती मोकळी जागा समोरच्याची.

आम्ही गेलो तेव्हा बाबल्याआजोबा पडवीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी सवाल सांगितला, पण गायला नाही. नुसता बोलून दाखवला.

“पाण्यावरनं पाव्हणा आला, पाऊल नाय भिजला,
दारात येऊन उभा ऱ्हायला, कोण गड्या तो कुठला?”

“चालीत म्हणा ना आजोबा,” चिराग म्हणाला.

ते हसले आणि जाळ्याची गाठ ओढत राहिले. सलोनीची आई, कमळाकाकी, आम्हाला सोलकढी द्यायला आली होती. तिने आत बोलावून सांगितलं.

“त्यांनी शिवाला टाकलेला सवाल हाय तो. शिवा तुऱ्याचा शाहीर, आणि ह्यांचा जिवाभावाचा दोस्त. जवाब उद्या देतो बोल्ला नि होडी घेऊन गेला. होडी गावली, शिवा नाय गावला. आमच्या गावचा रिवाज हाय, जवाब येयपर्यंत सवाल टाकणाऱ्यानं गायचं नाय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्या तोंडून गाणं ऐकलं नाय.”

सलोनीचं लहानपण गाणाऱ्या आजोबांच्या घरात गाण्याशिवाय गेलं होतं. परतताना ती गाडीत म्हणाली, “हे गाणं चांगलं झालं पाहिजे निहार. बाकीची पडली तरी चालतील.”

गाणं खरोखर चांगलं झालं. सवाल संपल्यावर चिरागने सगळी वाद्यं थांबवली आणि काही मात्रा पूर्ण रिकाम्या सोडल्या. “ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला पाहिजे,” असं त्याचं म्हणणं. आम्हा तिघांनाही ते फार आवडलं. शक्ती-तुऱ्याच्या मुलखात वाढलेलो आम्ही, पण सवालामागे जागा सोडणं म्हणजे काय, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा ऐकू आला तो फक्त श्वास. गाण्याआधी माणूस छातीत भरून घेतो तसा. मला वाटलं सलोनीचा असेल. पण त्या जागेत रेकॉर्डिंग नव्हतंच. ती मी स्वतः पुसून काढली होती आणि पडद्यावर तिथे सरळ रेघ दिसत होती. मी हेडफोन बदलले, वायरी बदलल्या, जेटीवरचा भोंगा बंद असताना ऐकलं, ट्रॉलरवरच्या वायरलेसचा संशय घेतला. चिरागने पंख्याला दोष दिला. त्या दिवशी वीज नव्हती, सगळं इन्व्हर्टरवर चाललं होतं आणि पंखा बंद होता.

पुढच्या वेळी श्वासामागे घुंगरं आली. ओल्या वाळूवर नाचताना येतो तसा दबका आवाज. मग एका सकाळी, बाहेर बांगड्याचा लिलाव चालू असताना, शब्द आले. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तिशीतल्या पुरुषाचा, जरा नाकातला, आणि आनंदी.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण खोटं कशाला बोलू, घाबरलोही नाही. इतका गोड आवाज माझ्या स्टुडिओत त्याआधी कधी आला नव्हता.

आम्ही अल्बम तसाच पाठवला. कंपनीतून दिशा नावाच्या मुलीचा फोन आला. ती ठाण्याच्या घरातून काम करायची. “आमच्याकडे बाराव्या मजल्यावर कावळासुद्धा येत नाही हो, तुमची गाणी ऐकून कोकणात आल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. मग कामाचं बोलली. त्या रिकाम्या जागेत गाणारा कोण? त्याचं किंवा त्याच्या वारसांचं परवानगीचं पत्र लागेल. नसेल तर तेवढा भाग कापून पाठवा, पुढच्या महिन्यात अल्बम बाजारात येईल.

कापणं म्हणजे माझ्या बोटाचं काम. सलोनी म्हणाली, “आधी आजोबांना ऐकवू.”

दुपारची वेळ होती. खाडीला ओहोटी लागलेली, पलीकडे बंदरात कोळशाचं जहाज उभं, अंगणात कमळाकाकीने सुकट वाळत घातलेली. मी आजोबांच्या कानांवर हेडफोन चढवले. सवाल संपला. त्यांचं जाळं हातातून खाली आलं.

“जागा कोणासाठी सोडलास?” त्यांनी चिरागला विचारलं.

चिराग माझ्याकडे बघायला लागला.

“बरा केलास,” ते म्हणाले. “शिवाच हाय.”

मग फोनच्या स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“पाव्हणा नव्हं रं, हाक ती माजी, पाऊल तिला नाय,
हाक तर आली दारात गड्या, ओ कोण देणार हाय?”

“जवाब बरोबर हाय,” आजोबा म्हणाले. “आणि उलटा सवाल टाकलान माझ्यावर. लबाड पयल्यापासून.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

कमळाकाकीने सुकटीतून मान वर केली. “मामंजी, पयल्या हाकेला ओ देव नये. तीन हाका झाल्याशिवाय कोणाला ओ देव नये.”

“ठावं हाय गो,” ते म्हणाले. मग सलोनीकडे वळले. “हा तुकडा कापू नको बाय.”

सलोनीने मला नंतर एवढंच सांगितलं की अल्बम हातचा जाणार याचं तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण कापायचं की नाही असा प्रश्न पडलाच नाही. तिने दिशाला कळवलं की आवाज राहील आणि पत्र मिळणार नाही. कंपनीने अल्बम बासनात गुंडाळला. जूनमध्ये सलोनी पुन्हा त्याच चार प्रार्थना शिकवायला उभी राहिली.

पण ते दिवस सुखाचे होते, हे सांगितलंच पाहिजे. आजोबा गायला लागले. जवाब आला होता, आता त्यांना मोकळीक होती. दर रविवारी आम्ही जयगडला जायचो, कमळाकाकीच्या हातचं माशांचं तिखलं खायचो आणि आजोबा एकेक चाल काढायचे. सलोनी त्यांच्या शेजारी मांडी घालून, लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून ऐकायची. गाणं झालं की ते मोबाइलवर शिवाचा सवाल लावायचे, ऐकायचे आणि जवाब न देता बंद करायचे.

एकदा मी विचारलं, “जवाब सापडत नाही का?”

“जवाब सोपा हाय रे. म्हणून तर थांबलोय.”

गणपतीनंतरच्या एका दुपारी त्यांनी तो दिला. कमळाकाकी अंगणात होती. पडवीतून खणखणीत आवाजात “ओ” ऐकू आलं, फाटकात कोणी ओळखीचं आल्यावर देतात तसं. तिने फाटकाकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मागे वळली तेव्हा आजोबा खुर्चीत होते, पण गेलेले. एसटीत खिडकीची जागा मिळाल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा चेहरा होता.

ते दिवसभर पडवीतून उतरले नव्हते. पाय घोट्यापर्यंत ओले होते.

आम्ही रडलो, पण जीव तुटेल असं नाही. सलोनी म्हणाली, “त्यांना कोणीतरी न्यायला आलं. किती जणांच्या नशिबात असतं?” मलाही ते पटलं. मी स्टुडिओतल्या त्या फायली पुन्हा उघडल्या नाहीत. सगळं जिथल्या तिथे होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी दिशाचा फोन आला. सलोनी स्टुडिओतच होती, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

दिशा खुशीत होती. जुन्या फायली आवरताना तिने आमचा अल्बम पुन्हा ऐकला होता. “तुम्ही नवी फाइल कधी पाठवलीत? मला कळलंच नाही.”

“आम्ही काही पाठवलेलं नाही,” मी म्हणालो.

“अहो, पण आता तिथे दोन आवाज आहेत. तो तरुण आणि एक आजोबा, सलोनीचेच ना? काय सुंदर जुळलेत. साहेबांना इतकं आवडलं की अल्बम बाजारात काढायचं म्हणतायत. आजोबांसाठी नातीची सही चालेल, दुसऱ्याचं आमचे वकील बघतील.”

सलोनीने माझ्याकडे पाहिलं. तिला हवं होतं ते सगळं त्या फोनमध्ये होतं.

“ते दोघं झाल्यावर पुढे काय आहे?” तिने विचारलं.

“पुन्हा तोच सवाल. ओ कोण देणार. आणि मग परत ती रिकामी जागा.”

“मग नको,” सलोनी म्हणाली. “नका काढू. हजार माणसं ऐकतील.”

“हजार कशाला, लाख ऐकतील!” दिशा हसली. “माझंच बघा ना. स्वयंपाक करताना लावते, आणि ती जागा आली की तोंडातून आपोआप ‘ओ’ निघतं. सवयच लागलीय.”

“दिशा, ऐका,” मी म्हणालो. “तसं म्हणू नका. आमच्याकडे तीन हाका झाल्याशिवाय…”

“तीन? आज सकाळपासून दोनदा झालं असेल.” ती थांबली. “एक मिनिट हं. बाहेरून कोणीतरी हाक मारतंय.”

“दिशा, थांबा,” सलोनी म्हणाली.

“ओ,” ती लांबून म्हणाली. “आले.”

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. कट झाला नव्हता. आम्ही दोघं त्यावर वाकून ऐकत राहिलो. बर्फाच्या कारखान्याच्या भिंती बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत.

फोनमधून वल्ह्याचा आवाज आला, आणि होडीच्या कडेवर आपटणाऱ्या पाण्याचा.